सांगायचा राहिलेला सिनेमा

लेकीची बारावीची परीक्षा सुरू झाली की घरातले आवाज कमी होतील, असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. "शब्द नसलेलं संगीत लावलं की अभ्यास चांगला होतो, आई. सगळे करतात," असं सांगून तिनं मोबाइलवर सहा तासांची एक यादी लावून ठेवली. मी भेंडी पुसत बसले होते आणि आतल्या खोलीतून ते सूर आले. आधी खालच्या पट्टीतली व्हायोलिनं, मग दुरून एक शिंग, मग कुठल्याच भाषेत न गाणाऱ्या बायकांचा मोठा घोळका. माझ्या हातातली भेंडी हातातच राहिली.

"बंद कर ते," मी म्हणाले.

"का? तुला काय त्रास होतोय?"

"बंद कर म्हटलं ना."

तिनं खोलीचं दार लावून घेतलं. बारावीच्या पोरांना हल्ली घरात सगळं माफ असतं, त्यामुळे मी पुन्हा भेंडीकडे वळले.

जादूच्या गोष्टीचा एक इंग्रजी सिनेमा होता. त्यात उडणारी जनावरं होती, बर्फाचे डोंगर होते, हरवलेलं एक राज्य होतं. सिनेमा आता कुणी फारसा पाहत नाही, पण त्याचं संगीत काही मरत नाही. वारज्याच्या आमच्या पुलाखाली एक रिक्षावाला उभा असतो, त्याच्या मोबाइलची रिंग तीच आहे. मागच्या वर्षी भाच्याच्या लग्नात नवरी हॉलमध्ये आली तेव्हा सनईऐवजी तेच लावलं होतं, आणि पस्तिशीतले चार पुरुष डोळे पुसत होते. नवरीकडे बघून नव्हे, हे मी खात्रीनं सांगते. लोकांना त्या सुरांनी लहानपण आठवतं, सुट्ट्या आठवतात. मला राज्यशास्त्र आठवतं. आणि सुनंदाताई आठवते.

आम्ही तेव्हा धायरीला राहायचो. मी एफवायला होते. कॉलेजच्या फळ्यावर एक चिठ्ठी लागली होती, 'अंध विद्यार्थिनींसाठी वाचक व लेखनिक हवेत.' मराठीच्या बाई म्हणाल्या, तुझा आवाज स्वच्छ आहे, जा. मी गेले, कारण बाईंनी सगळ्या वर्गासमोर म्हटलं होतं आणि नाही म्हणणं वाईट दिसलं असतं. समाजसेवेची माझी सुरुवात अशी झाली. सुनंदाताई वर्ध्याकडची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, शहरातल्या एका मुलींच्या वसतिगृहात राहणारी. ती जन्मापासून पाहू शकत नव्हती. पहिल्या दिवशी तिनं मला एक परिच्छेद वाचायला लावला आणि म्हणाली, "आवाज चांगला आहे. पण तू पूर्णविरामाला थांबून नाही राहिली. तुला बस पकडायची आहे का?"

रविवारी ती आमच्या घरी यायची. दोन बस बदलून, एकटी, पांढरी काठी घेऊन. मी धडा वाचायचे आणि दादाच्या टेपरेकॉर्डरवर तो कॅसेटमध्ये भरायचे. कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची. राज्यघटनेच्या सरनाम्याच्या कॅसेटमध्ये आमच्या कुकरच्या दोन शिट्ट्या आहेत, आणि राष्ट्रपतींच्या अधिकारांत एक भंगारवाला ओरडून जातो. आई म्हणायची, पुसून परत भर. सुनंदाताई म्हणायची, "राहू द्या काकू, शिट्टी ऐकली की मला नेमकं पान आठवते."

त्या सिनेमाच्या संगीताची कॅसेट दादाची. त्यानं कॅम्पातून आणली होती आणि आम्हाला हात लावू देत नसे. एकदा धडा पंचवीस मिनिटांत संपला, बाजूला पाच मिनिटं उरली, दादा घरात नव्हता. मी म्हटलं, ताई, उरलेल्यात काहीतरी भरू का? आणि ते लावलं. ती पलंगाच्या कडेला बसली होती. शिंग वाजलं तशी ती ताठ झाली, हाताचा पंजा उघडा धरून तशीच बसली. संपल्यावर म्हणाली, "परत."

तेव्हापासून तो आमचा रिवाजच झाला. धडा संपला की बाजूला जेवढी टेप उरेल तेवढं ते संगीत. पक्षांतरबंदी कायद्याच्या शेवटी दीड मिनिट, ग्रामपंचायतीच्या शेवटी चार मिनिटं. तिचा अख्खा अभ्यासक्रम असा व्हायोलिनांत जाऊन संपायचा. संगीतातलं मला काही कळत नव्हतं, कळलं ते तिच्यामुळे. एकच धून तिथं पुन्हा पुन्हा येते, कधी बासरीवर, कधी सगळ्या वाद्यांवर, हे तिनं दाखवलं. "ही पाहा, तीच बाई परत आली. साडी बदलून आली." मला आधी तो नुसता गोंगाट वाटायचा. मग मीही त्या बाईची वाट पाहायला लागले.

सिनेमा आम्ही दोघींनीही पाहिलेला नव्हता. पुण्यात तो लागला आणि गेला, तेव्हा माझ्याकडे ना वेळ होता ना कुणाची परवानगी. मग आम्ही दोघी तर्क करायचो. शिंग वाजतं तेव्हा नक्की काय होत असेल? मी म्हणायचे, डोंगर दिसत असणार. ती म्हणायची, "डोंगर काही एवढ्या हळू नाही येत. कोणीतरी चालून राहिलं आहे. लांबून. आणि त्याला माहीत आहे की उशीर झाला." एकदा मी सहज म्हणाले, पुन्हा लागला तर मी पाहीन आणि तुला सांगीन. तिनं माझं मनगट धरलं. "नुसती स्टोरी नको सांगजो. स्टोरी कोणीही सांगते. कुठल्या सुराला काय दिसते, ते सांगजो." मी हो म्हणाले. तिनं मनगट सोडलं नाही, मग मी पुन्हा एकदा हो म्हणाले.

मार्च आला. पुण्यातला मार्च तुम्हाला माहीत आहे. कडुनिंबाचा बारीक मोहोर सगळ्या गाड्यांच्या सीटवर, रसवंतीच्या घुंगरांचा आवाज, दुपारी रस्ता असा ओस पडतो की आपणच काहीतरी चुकीचं करतोय असं वाटावं. तिची परीक्षा माझ्या आधी होती आणि मी तिची रायटर होते. ती सांगणार, मी लिहिणार. वेगळी खोली, एक पर्यवेक्षक, अर्धा तास जास्त. पहिले तीन पेपर आम्ही असे लिहिले की काय सांगू. ती बोलायची आणि माझा हात तिच्या शब्दाच्या मागे एक पाऊल चालायचा. ती मध्येच थांबली की मला कळायचं, नवा परिच्छेद. तिसऱ्या पेपरनंतर ती म्हणाली, "तुझा हात माझाच आहे आता." मला इतका अभिमान वाटला की घरी जाऊन मी आईला ते दोनदा सांगितलं.

राज्यशास्त्राचा पेपर गुरुवारी होता, अकरा वाजता. बुधवारी संध्याकाळी दादा दोन तिकिटं घेऊन आला. सिनेमा एका आठवड्यासाठी परत लागला होता आणि गुरुवार शेवटचा. त्याचा मित्र ऐन वेळी फिरला होता. "बाराचा शो. येतेस का? तुझा पेपर नाहीये ना उद्या?"

"माझा नाहीये," मी म्हणाले. ते खरंच होतं.

इथं थांबून मला स्वतःची बाजू मांडावीशी वाटते. इतक्या वर्षांत मी ती अनेकदा मांडली आहे, आंघोळ करताना, सिग्नलला. मी अठरा वर्षांची होते. तिचे तीन पेपर मी लिहिले होते. सिनेमा परत कधी लागणार होता? शिवाय मी पाहिला तरच तिला सांगू शकणार होते, म्हणजे एका परीनं मी तिच्यासाठीच चालले होते. हे शेवटचं तर मी त्या संध्याकाळी स्वतःला इतकं छान पटवलं की मला जवळजवळ त्यागच केल्यासारखं वाटलं.

मी कोपऱ्यावरच्या फोनवरून वसतिगृहात फोन केला. म्हणाले, ताई, ताप आलाय. अंगात त्राण नाही. आमच्या शेजारच्या अनघाला पाठवते, अकरावीला आहे, अक्षर मोत्यासारखं आहे तिचं. पलीकडून ती जराही थांबली नाही. "ताप आला तर झोप. पाणी पी भरपूर. पोरीला साडेदहाला पाठव फक्त."

अनघाचं अक्षर मोत्यासारखं होतं, यात खोटं काही नाही. इंग्रजी शाळेत दर वर्षी हस्ताक्षराचं बक्षीस तिलाच. तिच्या वह्या मी पाहिल्या होत्या. पण मराठी ती आठवड्यातून तीन तास लिहायची, तेही कविता पाठ करून. तीन साडेतीन तास कुणीतरी भरभर मराठीत बोलतंय आणि आपण ते उतरवतोय, हे त्या पोरीनं जन्मात केलं नव्हतं. ती रांगोळी घालावी तसं एकेक अक्षर घालत बसली. धडधाकट पुणेरी माणसाची चूक आहे ही. वळण सुंदर दिसलं की आम्ही त्यापुढे काही विचारतच नाही. गुरुवारी सकाळी लेखनिक बदलायच्या परवानगीचं पत्र तिच्या हातात देऊन, तिला रिक्षात बसवून मी दादाबरोबर गेले आणि सिनेमा पाहिला.

शुक्रवारी दुपारी फाटकाची कडी वाजली आणि पाठोपाठ पायरीवर काठीचा टकटक आवाज आला. मी झोपाळ्यावर पेरू खात होते. पेरू तसाच टाकून आत पळाले, पलंगावर पडले आणि मार्चच्या त्या उकाड्यात गळ्यापर्यंत चादर ओढली. जी बाई मला पाहू शकत नव्हती तिच्यासाठी मी चादर ओढली, हे मला आजही कळत नाही. तिच्या पिशवीत चार मोसंब्या होत्या. परीक्षेच्या दिवसात, दोन बस बदलून, ती माझा ताप बघायला आली होती. पलंगावर माझ्याशेजारी बसली आणि चाचपत माझ्या कपाळावर हात ठेवला.

"उतरला," ती म्हणाली. "घाम आला आहे तुला. घाम आला म्हणजे उतरला."

"पेपर कसा गेला?"

"गेला. पोरगी चांगली आहे. हळू आहे थोडी." मग जरा वेळानं, "तो पिक्चर लागला होता म्हणून राहिल्या होत्या, वसतिगृहातल्या मुली. तुझा हुकला ना वं, तापात?"

सांगण्यासाठी यापेक्षा सोपी जागा मला देवानंही दिली नसती. मी म्हणाले, "हो ना. हुकलाच."

तिनं मोसंबी सोलली, एकेक फोड माझ्या हातात दिली. मी सगळी खाल्ली.

निकाल जूनमध्ये लागला. सुनंदाताई राज्यशास्त्रात आठ मार्कांनी गेली. दोन अख्खे प्रश्न लिहायचे राहिले होते. बी.एड.ला जायचं तिचं सगळं ठरलं होतं, ते गेलं. वसतिगृहात आणखी राहता येईना म्हणून ती गावी परत गेली आणि ऑक्टोबरच्या परीक्षेचा अभ्यास तिनं तिथंच केला, माझ्याच कॅसेटवर. प्रत्येक धड्याच्या शेवटी ते संगीत असणारच होतं. गावातल्या त्या खोलीत, जुलै नाहीतर ऑगस्ट, माझा स्वच्छ आवाज तिला ग्रामपंचायत शिकवतोय, आणि पाठोपाठ शिंग वाजतंय.

त्यानंतर तिनं बँकेची परीक्षा दिली, नोकरीला लागली, लग्न झालं. दिवाळीला फोन यायचा. तिचाच. "काय रायटर, काय करून राहिली?" मी दोन मिनिटं गोड बोलायचे आणि कुकर लागलाय म्हणायचे. मग गेल्या वर्षी तिची बदली पुण्यात झाली. राहायला मांजरीला. पुण्यात कुणाला टाळायचं असेल तर फार काही करावं लागत नाही, तो एका टोकाला आणि आपण दुसऱ्या टोकाला असलो की झालं. वारजे ते मांजरी म्हटलं की कुणीही मान डोलावून माफ करतं. आठ महिने मी ट्रॅफिकच्या नावावर काढले. पाऊस, गणपती, लेकीची बारावी, एकेक कारण ओळीनं वापरलं.

भेंडीच्या त्या दिवसानंतर चारच दिवसांनी तिचा फोन आला. आवाज एकदम कोवळा.

"अगं, सापडला. तो पिक्चर. आता मोबाइलवर एक सोय असते, मध्ये मध्ये एक बाई सांगत जाते काय दिसून राहिलं ते. रविवारी दुपारी ये. मी लावला नाही अजून. तूही नाही ना पाहिला, म्हटलं दोघी मिळून पाहू."

नाही म्हणायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. लेकीचा पेपर सोमवारी नव्हता.

मांजरीला तिच्या इमारतीच्या मागे अजून ऊस उभा आहे. पुढे बारा मजले, मागे ऊस, आणि तोडणी चाललेली असल्यानं हवेला तो गोडसर, कच्चा वास. तिनं दार उघडलं. केस पांढरे झालेत, पण उभं राहण्याची पद्धत तीच, कान जरा पुढे काढून. मिस्टर बाहेर गेले होते. तिनं चहा आधीच करून ठेवला होता, दोन खुर्च्या शेजारी शेजारी, मधल्या स्टुलावर मोबाइल आणि एक छोटा स्पीकर. लहान मुलानं सर्कशीची तयारी करावी तशी तिनं सगळी मांडामांड केली होती. स्क्रीनवर बोट ठेवून ती म्हणाली, "लावू?"

"थांब," मी म्हणाले.

आणि सांगितलं. क्रम चुकला, आधी मोसंबी सांगितली मग तिकिटं. ताप नव्हता हे सांगितलं. दादा, बाराचा शो, चादर. चहाला हात लावायची हिंमत झाली नाही.

"म्हणजे तू पाहिला," शेवटी ती म्हणाली.

"हो."

"पूर्ण?"

"पूर्ण. ताई, तुझं वर्ष गेलं माझ्यामुळे. बी.एड. गेलं. मला माहितीये, माफी मागून ते..."

"पेपर मी ऑक्टोबरात दिला," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं, चढवला असता तर बरं झालं असतं. "पेपर परत देता येते. पण मी तुझ्या पलंगावर बसली होती, एवढी जवळ. विचारलंही मी तुला. सांगायचं होतं ना तेव्हा. मी दोन शिव्या दिल्या असत्या, आणि मग ऐकला असता. पूर्ण ऐकला असता. त्यानंतर मी कोणालाच नाही विचारलं. किती जणांनी पाहिला होता, आमच्या बँकेतल्या पोरांनी तर दहा दहा वेळा. मी म्हटलं, नाही, माझी रायटर पाहील कधीतरी आणि सांगील."

मी रडत होते. ती मला रडू देत होती, पण हात पुढे केला नाही.

"पंचवीस वर्षं होत आली," ती म्हणाली. "मग सांग आता." तिनं मोबाइल उचलला आणि स्टुलावर पालथा ठेवला. "ती इंग्रजी बाई नको मला. तू सांग. शिंग वाजते तिथं काय दिसते?"

मी डोळे पुसले, नीट बसले, सुरुवात करायला तोंड उघडलं. आणि काहीच आलं नाही. मला थिएटरातला अंधार आठवत होता. समोरच्या माणसाचं टक्कल आठवत होतं. आणि माझ्या मनगटावरचं घड्याळ, त्याचे अंधारात हिरवे दिसणारे काटे. बारा वाजून दहा मिनिटं, आता दुसरा प्रश्न चालू असेल. एक वाजला, अनघाचा हात दुखायला लागला असेल. एक वीस, मध्यंतर. अडीच वाजले, पेपर घेतला असेल. एकूण एक मिनिट मला आठवत होतं. पडद्यावरचा एकही डोंगर आठवत नव्हता.

"बोल ना," ती म्हणाली.

"मला आठवत नाहीये, ताई."

"जरासं तरी?"

"काहीच नाही. मी घड्याळ बघत होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत घड्याळच बघत होते."

तिनं चेहरा माझ्याकडे वळवला.

"काय वं," ती म्हणाली, "दोन्हीतलं एक तरी धड करायचं होतं."